किटलीवर जळणारा माठ

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे आणि एका लेकराचा जीव मी एकट्यानं वाचवलाय. आधीच सांगतो, तुमचा विश्वास बसायचा नाही!

जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात कौशल्याबाईनं टिचक्या मारून मला पारखलं आणि ओसरीवर ओल्या वाळूत बसवलं. तिचे लेक-सून वीटभट्टीवर. घरी ती, सात वर्षांची नात सीमा आणि चार वर्षांचा मल्हारी. सुरुवातीला माझा काय मान होता! मग आली ती काळ्या बुडाची, पोचे पडलेली किटली. मल्हारी सकाळ-संध्याकाळ कोऱ्या चहात भाकरी कुस्करून खाई. शेळ्यांचं दूध करडं पीत. वरण सणावारी. भर उन्हात पोरगं हुंदडे, खेळाच्या नादात लघवी दाबून धरी, पण माझ्याकडं ढुंकून बघत नसे. बाहेरून मी गार, आतून नुसता जळत होतो.

एक दिवस मल्हारी लघवीला बसला आणि किंचाळला. थेंबथेंब लघवी, तीही लालसर. आजी घाबरली.

"लघवीलाच तकलीफ व्हऊन राहिली तर पानी काहून पाजायचं? आजपासून बंद!"

तिनं माझ्या झाकणावर वरवंटा ठेवला. चुलीवर किटली खदखदून हसली. माझा असा तिळपापड झाला की काय सांगू! आजी शेळ्या घेऊन गेली की मी वरवंटा उडवायचो, कमरेत वाकायचो आणि लेकराच्या तोंडात बराबर धार सोडायचो!

पाचव्या दिवशी लघवी पार अडली. हिंगोलीच्या दवाखान्यात मूत्राशयातून बोराएवढा खडा काढला. परतल्यावर आजी ओसरीवर मान खाली घालून सीमाला सांगत होती, "डाक्टरीनबाई म्हनल्या, एकच कारन न्हाई सांगता येत. पानी कमी, नुसता चहा-भाकर, दूध-वरन न्हाई, लघवी दाबनं, समदं मिळून खडा धरला आसंल. पानी तोडलं ही तर मोठी चूक. तरी पोरगं तगलं कसं, म्हून इचारत व्हत्या."

कसं म्हणजे? माझ्यामुळं! तेव्हा मित्रांनो, भरपूर पाणी प्या, लघवी दाबू नका, दुखलं तर लगेच घरी सांगा. आणि त्या किटलीला माळ्यावर टाकून माझी रोज पूजा—

"खोटं!" सीमा ओरडली. "माठ कवा वाकतो का? वरवंटा मी उचलत व्हते, दोन्ही हातांनी. वाटी वाटी पानी मीच पाजलं. अन् आजीचा मार बी मीच खाल्ला!"