फौजदाराचा घास

फौजदाराचे दात परशूच्या अंगठ्यात रुतले आणि हाडाला लागून थांबले.

परशूनं हात मागं घेतला नाही. अंगठा तसाच जबड्यात ठेवून त्यानं दुसऱ्या हातातली बिनसुईची पिचकारी दाबली. पेज आत गेली, क्षणभर घशाशी थांबली आणि तांबडी होऊन बाहेर आली. त्यातलं निम्मं रक्त परशूचं, निम्मं बोक्याचं.

"सोडा त्येला," चुलीपुढून सुंदरी म्हणाली. "असं मानगूट धरून कुनी जेवतं व्हय? तुमाला असं भरवलं आसतं तर?"

"माझ्या आयनं असंच भरवलंय."

"म्हनूनच असं झालासा."

परशूनं अंगठा सोडवून घेतला, धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि भिंतीला टेकून बसला. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते. काटेरी करवंदीत पडलेला माणूस बरा दिसला असता. पोत्यावर पडलेल्या बोक्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. पोटावरचे टाके ओले होते.

गुंद गावापासून कोसभर आत, रानात सहा घरांची ही वाडी. आणि फौजदार हा काही साधा बोका नव्हता. त्यानं नागाचं डोकं चावून उंबऱ्यावर आणून ठेवलं, ते सगळ्या वाडीनं पाहिलं होतं. फणसावरच्या हुप्प्या वानराला थोबाडीत मारून खाली पाडलं, ते निम्म्या वाडीनं पाहिलं होतं. गोठ्यात शिरलेल्या बिबट्याच्या नाकावर त्यानं असा पंजा ओढला, की बिबट्या शिंकत शिंकत थेट कुंभारवाड्यापर्यंत गेला. हे मात्र कुणीच पाहिलेलं नाही, सांगतात सगळेच. त्या शिंका मोजलेला एक म्हातारा गेल्या साली वारला, नाहीतर साक्षीला उभा केला असता.

असल्या या बोक्याला सोमवारी सकाळी शंकरच्या कुत्र्यानं, खंड्यानं, धरला.

शंकर हा परशूचा धाकटा भाऊ. दोघांच्या अंगणांमध्ये काटक्यांचं कुंपण. शंकरच्या अंगणात खारे बांगडे वाळत होते आणि फौजदार नेहमीप्रमाणे तपासणीला गेला होता. खंड्यानं त्याला कमरेत पकडलं आणि ओली घोंगडी झटकावी तसा दोनदा झटकला. सुंदरीनं चुलीतलं पेटतं लाकूड फेकलं, ते कुत्र्याला लागायचं ते शंकरच्या गवताच्या गंजीला लागलं. शंकर धावून आला, परशू धावून आला. एका आईच्या दुधावर वाढलेले दोघे, मारामारीही एकसारखीच करत. परशूच्या कानाची पाळी फाटली, शंकरचा पुढचा दात पडला. खंड्यानं तो दात हुंगला आणि सोडून दिला.

एवढ्यावर भागलं असतं. दोन-तीन वर्षांतून एखादा दात त्या कुंपणाशी पडतच असे. पण सुंदरी रक्तानं भिजलेला बोका पदरात घेऊन दारात उभी राहिली. तिला मूलबाळ नव्हतं. चार वर्षांपूर्वी पावसात भिजलेलं हे पिल्लू तिनं कापसाच्या वातीनं दूध पाजून जगवलं होतं.

"त्या कुत्र्याचं मुंडकं आनल्याबिगर ह्या घरात पाऊल टाकू नगासा," ती म्हणाली. "आनि न्हाई जमलं तर तसं सांगा. बांगड्या देते माझ्या."

झालं. परशू तसाच, कानातून रक्त गळत, देवराईत गेला. वाडीचा गावकर महाबळेश्वर, म्हणजे देवाच्या कामात सगळ्यांच्या पुढं असणारा म्हातारा, तिथं पालापाचोळा झाडत होता. त्याच्यादेखत परशूनं देवाच्या खांबाला मिठी मारली.

"येत्या सोमवारी दुपारपतोर माझ्या बोक्यानं आपल्या तोंडानं घास खाल्ला न्हाई, तर शंक्याच्या कुत्र्याचं मुंडकं ह्या दगडावर ठेवीन."

गावकराच्या हातातला झाडू गळून पडला. कारण खांबाला मिठी मारून बोललेला शब्द माघारी घेता येत नाही. देवालाही तो सोडवता येत नाही. कुणा एका पणज्यानं असाच खांब कवटाळून 'उद्यापासून दारू शिवणार नाही' म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी शिवला. वाघ गोठ्यात आला, बारा गुरांचा वास घेतला आणि नेमका त्याचाच पाडा उचलून गेला.

त्यात परशूनं आणखी एक घोळ घातला. 'बोका मेला तर' म्हटलं असतं, तर दुखणं महिनाभर ओढता आलं असतं. रागाच्या भरात त्याच्या तोंडून 'खाल्ला नाही तर' गेलं, वर वारही ठरला. हे शंकरच्या कानावर गेलं तेव्हा तो अंगणात उभा राहून, पडलेल्या दाताच्या फटीतून वारा सोडत ओरडला,

"खंड्यावर कोयता उगारनारा हात खांद्यापास्नं काढीन! भावाचा आसू दे, न्हाईतर देवाचा!"

शंकर आजवर बोलल्यासारखं वागला नव्हता असं एकदाही झालं नव्हतं. वाडीनं ओळखलं. सोमवारी दुपारी या बोक्याचं तोंड उघडलं नाही, तर आधी कुत्र्याची मान जाणार आणि मग माणसाची.

मंगळवारी परशू बोक्याला पाटीत घालून जीपनं तालुक्याला, जोयड्याला गेला. गुरांच्या डॉक्टरनं टाके घातले, इंजेक्शन दिलं, पिचकारी हातात ठेवली.

"जखम भरेल," तो म्हणाला. "पण पोटात अन्न गेलं तर. घास उचलला की जगला समजा."

मग वाडीतून एकेक वस्तू यायला लागली. कुणी अंडं आणलं, कुणी दूध, कुणी ओढ्यातले मळवे मासे. अनुसया म्हातारीनं पाहुण्यांसाठी राखलेली कोंबडी कापली आणि तिचं काळीज वाटीतून पाठवलं. बोक्याच्या नशिबी असा पाहुणचार आला, तेव्हा त्याला वासही सहन होईना. वाटी पुढं केली की तो मान फिरवी. जबडा उघडला की चावे. चावण्यापुरती ताकद त्यानं कुठून आणली होती कोण जाणे.

"गोड बोला त्येच्याशी," सुंदरी म्हणे.

"मला येत न्हाई गोड बोलाया."

"ते माझ्याइतकं कुनाला ठावं."

असं म्हणत ती कोयता काढी आणि रोज सकाळी पायरीच्या दगडावर घासायला बसे. कर्र, कर्र. कुंपणापलीकडं शंकर पहार घेऊन खड्डा खणत असे. कसला खड्डा, विचारायची कुणाची छाती झाली नाही. कुत्र्यासाठी म्हणावा तर लांब होता.

रविवारी सकाळी सुंदरी घागर घेऊन ओढ्यावर गेली. ती वळणाआड होताच परशूनं खारा बांगडा निखाऱ्यावर भाजला, काटे काढले आणि तोंडात घालून स्वतःच चावू लागला. लगदा झाला तसा त्यातला थोडा बोटावर घेऊन त्यानं बोक्याच्या नाकाला लावला. बोक्यानं चावलं नाही. जीभही काढली नाही. आता चावायचीही ताकद सरली होती.

परशू पोत्यावर आडवा झाला आणि आपलं तोंड बोक्याच्या कानाशी नेलं.

"खा रं," तो म्हणाला. "एक घास खा. मग मर वाटलं तर. मला त्या वाटंला लावू नगंस. त्ये कुत्रं मीच आनलंय, तुला ठावं न्हाई. रामनगरासनं. सदऱ्याच्या आत घालून आनलं, मुठीएवढं हुतं. माझ्या छातीवर मुतलं वाटंत. शंक्याची बायकू गेली, त्यो चार दिस चूल पेटवीना, तवा दिलं त्याला. घरात कुनीतरी श्वास घेनारं असावं म्हनून." परशूनं बोट पुन्हा पुढं केलं. "त्येला वाटंल मी कुरवाळाया आलोय. मान पुढं करंल बघ त्यो. खा की रं."

कुडाच्या भिंतीपलीकडं सुंदरी उभी होती. डोक्यावरची चुंबळ विसरली म्हणून ती अर्ध्या वाटेवरून परतली होती. रिकामी घागर कमरेवर तशीच धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग आवाज न करता माघारी गेली.

त्या दिवशी कोयत्याला पुन्हा दगड लागला नाही. परशूला वाटलं, धार पुरेशी झाली असेल.

सोमवारी दहाच्या सुमाराला फौजदारानं सुंदरीच्या मांडीवर चारी पाय ताणले. आळस देतो तसे. ते ताणलेलेच राहिले.

सुंदरी रडली नाही. तिनं पदराच्या टोकानं त्याच्या नाकावरची सुकलेली पेज पुसली आणि त्याला फडक्यात गुंडाळलं. परशू उठला. भिंतीवरचा कोयता काढला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

उन्हं डोक्यावर आली तसा महाबळेश्वर गावकर आला, दोन्ही हातांत देवाचा नारळ धरून. मागून शंकर आला. त्याच्या एका हातात दोरी, दोरीला खंड्या. दुसऱ्या हातात पहार.

"आनलंय कुत्रं," शंकर म्हणाला. "देवाचा शबुद हाय, लपवनार न्हाई. काप. मी हिथंच उभा हाय. तुझा हात वर जाऊन खाली यीस्तवर वाट बघीन. फुडं न्हाई."

"शंक्या, सुम्म रहा, गप," गावकर म्हणाला. "परशू, अजून येळ हाय. खाल्लं का बोक्यानं?"

परशू उठला. खंड्यानं त्याला पाहिलं आणि सगळं अंग हलवत दोरी ताणून पुढं आला. परशूच्या लोंबत्या हातावरचे ओरखडे चाटू लागला. शंकरनं पहार दोन्ही हातांत घेतली.

"परशू," गावकर पुन्हा म्हणाला. "इचारतोय मी. खाल्लं का?"

परशूनं तोंड उघडलं. जन्मात कधी त्यानं खोटं बोलून पाहिलं नव्हतं; जमतं की नाही तेही त्याला ठाऊक नव्हतं.

आणि आतून ताटली वाजली.

"हळू खा की मेल्या!" सुंदरीचा आवाज आला, मोठा, खणखणीत. "घशात आडकंल! सात दिस तोंड शिवून बसलास आनि आता बकाबका गिळतोयस! काय म्हनावं तुला! हां, हां, काटा काढते, थांब. बोट चावू नगंस माझं!"

देवाचा नारळ हातात असला की गावकर कुणाचा उंबरा ओलांडत नाही. तो पायरीशीच थांबला आणि कान देऊन ऐकू लागला.

"पोरी," त्यानं हाक मारली, "आपल्या तोंडानं खातोय न्हवं?"

"मग काय माझ्या तोंडानं खाईल?" आतून उत्तर आलं. "बघा की, निम्मा बांगडा सपवला!"

गावकरानं डोळे मिटले. काही पुटपुटला, नारळ पायरीवर आपटला. एका फटक्यात दोन शकलं झाली. एक त्यानं परशूच्या हाती दिलं, एक शंकरच्या. शंकरला ते घेण्यासाठी पहार खाली ठेवावी लागली.

"शबुद सुटला," गावकर म्हणाला आणि देवराईची वाट धरली. जाताना त्याची चाल आल्यापेक्षा बरीच जलद होती.

तेवढ्यात खंड्या दोरी ओढत उंबऱ्यापर्यंत गेला. नाक आत घालून त्यानं वास घेतला. मग शेपटी पोटाशी घेतली, खाली बसला आणि बारीक आवाजात कण्हला. भुंकला नाही.

शंकरनं कुत्र्याकडं पाहिलं. मग भावाच्या तोंडाकडं. परशूच्या हनुवटीवरून खाली काहीतरी ओघळत होतं आणि त्यानं ते पुसलं नव्हतं. त्याच्या एका हातात कोयता होता, दुसऱ्या हातात खोबरं.

शंकरनं त्याच्या बोटांतून कोयता काढून घेतला आणि कुडात खोचून ठेवला.

"वैनी," तो उंबऱ्याशी येऊन म्हणाला. आत मात्र त्यानं पाहिलं नाही. "सावकाश भरवा त्येला. लई दिसांचं पोट रिकामं हाय. उद्या ओढ्यावरनं खेकडे आनून देतो त्याला."

आतली ताटली भुईला टेकली.

"मोठे आन," मग आवाज आला. "बारक्याला तोंड लावत न्हाई त्यो."