रेडिएटरमधली हळद

जयवंतला माणसं बरोबर ओळखता येतात, असं एकट्या जयवंतचंच म्हणणं. दूधवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळं जग त्याला गंडवायलाच टपलेलं! मग जीप तापायला लागल्यावर बोट कुणाकडे जाणार? जिला नांदायला आणली त्या बायकोच्या भावाकडे. दोन महिन्यांपूर्वी जीप विकली ती पारगावच्या भिमाजीनं, म्हणजे शीलाच्या सख्ख्या भावानं.

"गळका रेडिएटर दडवायला हळद चारली असंल पावण्यानं," ओतूरच्या स्टँडवर कुणीतरी कानात सोडलं. जुन्या ड्रायव्हरांचा हा इलाज. हळदीनं भोक बुजतं, चार दिवस निघतात, पण पुढं पाण्याची वाटच चोंदते. जयवंतनं घरी येऊन बायकोला बजावलं, "रविवारी रेडिएटर धुतो. हळद निघाली तर तुझ्या भावाची सोयरीक संपली. तुझं माहेरबी संपलं."

शीलाचे आईबाप गेलेले, तिला माहेर म्हणून तेवढा भिमाजीच.

रविवारी सकाळी इंजिन गार असताना त्यानं खोडदला घरच्या अंगणात रेडिएटरचं झाकण काढलं, खालची तोटी सोडली, घमेलं सरकवलं. पिवळंधमक पाणी! वरून नळी सोडली तसे लगदेच्या लगदे पडायला लागले. तसाच पिवळ्या हातांनी तो घरातल्या फोनकडे धावला.

"भिमाजी, हळद घालून गाडी गळ्यात मारलीस व्हय रं?"

पलीकडून भिमाजीनं उलटंच विचारलं,

"शीला हाय का तिथं?"

"तिचं काय काम?"

"म्याच घातली, दाजी. तिला काय बोलू नका."

"माझी पायरी चढू नगंस!" जयवंतनं फोन आदळला. चोर सापडल्याचा त्याला केवढा आनंद झाला होता!

बाहेर शीला तोंडाला पदर लावून रडत होती. "दादानं नाय. म्या घातली."

"आँ?"

"आणली तवा गाडी गळत नव्हती. कांदा काढताना तुमीच बांधावर घातली. दुसऱ्या दिवशी खाली पाणी दिसलं. माहेरी दादाला हळद घालताना बघितलं व्हतं, म्हणून रोज पहाटं मूठमूठ घातली."

"मला सांगायचं की!"

"तुमी खरं मानलं असतं? दादानंच फसवलं म्हणला असता."

म्हणला असता, नक्कीच म्हणला असता. जयवंतला स्वतःचीच लाज वाटली. आत जाऊन त्यानं पुन्हा फोन लावला.

"भिमाजी, शीलानं सगळं सांगितलं. माझंच चुकलं, राव."

"खोटं बोलती ती, दाजी." भिमाजी गयावया करू लागला. "म्याच घातली. पाया पडतो, तिला मारू नका."

जयवंतनं उभ्या जन्मात शीलावर हात उचलला नव्हता. "आरं, देवाशपथ, म्या कशाला मारीन?" तो सांगत राहिला.

भिमाजीला काही ते खरं वाटेना.