दीनानाथ पुरस्कार

मिलिंदने हँगरवरून अरुणाचा कोट काढला आणि सरळ तिच्या मांडीवर आणून ठेवला.

"निघू या? फ्रीझिंग रेन येणारे म्हणतायत. विंटर टायर्स अजून लावले नाहीयेत आपण."

"मी गुलाबजाम खाते आहे."

"उद्या सकाळी मीटिंग आहे माझी."

"उद्या रविवार आहे, मिलिंद."

तो बसला, पण खुर्चीच्या कडेवर. मघाशी क्लबचे अध्यक्ष रविकांत त्याच्या कानात काहीतरी सांगून गेले होते, तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. क्रिकेट क्लबच्या या वार्षिक जेवणाला अरुणा आपणहून आली होती. सगळ्यांच्या बायका येतात, आपणच का तोंड लपवून घरी बसायचं, असं तिच्या मनाने घेतलं. मिलिंदने बोअर होशील म्हणून तिला टाळून पाहिलं होतं.

क्रिकेटशी तिचं जन्माचं वैर होतं, आणि त्याला कारण होतं. ती अंपायर दीनानाथांची मुलगी. तीसेक वर्षांपूर्वी एका अंतिम सामन्यात, विजय हाताशी आलेला असताना, त्यांनी यजमान संघाच्या शेवटच्या फलंदाजाला झेलबाद दिलं. चेंडू बॅटला लागलाच नव्हता म्हणे. त्या रात्री घराच्या काचा फुटल्या. पेपरांनी 'आंधळा दीनानाथ' असं बारसं केलं. शाळेत मुली डोळ्यांवर हात ठेवून चाचपडत तिच्या अंगावर यायच्या. त्यातल्या एकीच्या डोक्यात अरुणाने कंपासपेटी घातली होती आणि त्याचा तिला आजतागायत पश्चात्ताप झाला नव्हता. तो आउट होता. बाबांनी दिला म्हणजे होताच.

जगाला बाबा त्या एका वर गेलेल्या बोटापुरते आठवत. तिला आठवत ते शेवटच्या वर्षांतले, काचबिंदूने दृष्टी गेल्यावर कॅनडात, मिसिसागाला तिच्याकडे राहायला आलेले. बेसमेंटमध्ये धुतलेल्या मोज्यांचा ढीग पुढ्यात घेऊन ते नुसत्या स्पर्शाने जोड्या लावायचे. एक जोडी कधी चुकली नाही. दारात तिची किल्ली वाजली की म्हणायचे, "आलीस? दे बघू हात, केवढे गार पडलेत." त्यांना त्रास नको म्हणून तिने घरात मॅच लावायला बंदी घातली होती. मिलिंद उघडपणे खेळायला लागला तो बाबा गेल्यावर.

"आणि आता, ज्याची सगळे वाट बघतायत!" रविकांत माइकवर ओरडले. "सीझनमधल्या सगळ्यात भिकार डिसिजनसाठी, दीनानाथ पुरस्कार!"

लोक टेबलं बडवायला लागले. कोणीतरी शिट्टी मारली. अरुणाच्या हातातला चमचा वाटीत पडला.

"आणि यंदा स्पेशल म्हणजे, हा द्यायला खुद्द बाबांची मुलगी आपल्यात आहे. अरुणावहिनी, प्लीज!"

"तुला माहीत होतं," ती मिलिंदला म्हणाली.

"अरुणा, आधी ऐकून तर घे..."

ती उठली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. घर सोडलं, देश सोडला, तरी हे लोक इथेही आलेच होते, हसतमुखाने, पोटभर जेवून. सहावीपासून मनात घोटून ठेवलेलं सगळं तिच्या ओठांवर आलं. तिने स्टेजवर जाऊन रविकांतच्या हातातून माइक जवळजवळ हिसकावला.

"लाज नाही वाटत तुम्हाला?"

पुढच्या टेबलांवरचं हसू जागच्या जागी थिजलं. रविकांतनी गडबडून पुरस्कारच तिच्यापुढे धरला. ती एक काठी होती. अंध माणसं वापरतात तशी, पांढरी, घडीची. मुठीला हिरवी लोकर गुंडाळलेली.

ती लोकर अरुणानेच गुंडाळली होती. हिवाळ्यात मूठ बर्फासारखी लागते म्हणून, स्वेटरची उरलेली. रविवारच्या सीनियर्स ग्रुपहून येताना काठी बसमध्ये राहिली, असं बाबा एकदा घरी येऊन म्हणाले होते. एक काठी सांभाळता येत नाही का, म्हणून ती त्यांच्यावर केवढी कडाडली होती. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.

तिने माइक खाली केला. "ही तुमच्याकडे कशी?"

"बाबांनीच दिली की." रविकांत गोंधळले. "मिलिंद दर रविवारी सोडायचा ना त्यांना ग्राउंडवर."

"सीनियर्स ग्रुपला," अरुणा म्हणाली.

रविकांतनी मिलिंदकडे पाहिलं. मिलिंद हातातल्या कोटाकडे पाहत होता.

"वहिनी, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." रविकांतचा आवाज उतरला. "मी एकदा एकाला चुकीचा आउट दिला. मॅच गेली, हाणामारीची वेळ आली. बाबांनी बेंचवरून हाक मारून ही काठी माझ्या हातात दिली. म्हणाले, दरवर्षी सगळ्यात वाईट निर्णय देणाऱ्याला ही द्यायची, त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा आणि विषय संपवायचा. नाव माझंच ठेवा, म्हणाले. माझाही चुकलाच होता, बोट वर गेलं आणि मला कळलं."

"खोटं आहे."

"आम्ही विचारलं त्यांना, घरी का नाही सांगत? तर म्हणाले, घरी कसं सांगू? लेक अजून माझ्यासाठी भांडते आहे."

अरुणाला इतका राग आला की कोणावर काढावा ते कळेना. मिलिंदवर, या टेबलं बडवणाऱ्यांवर, आणि सगळ्यांत जास्त बाबांवर. लबाड म्हातारा! परक्यांमध्ये बसून मोकळा झाला आणि घरी येऊन मुकाट्याने मोजे जुळवत राहिला. आता त्याला जाब विचारायचीही सोय नव्हती. लोकरीचं एक टोक सुटून लोंबत होतं. तिने ते घट्ट ओढून मुठीला गुंडाळलं आणि गाठ मारली.

यंदाचा मानकरी अनिश कधीपासून हात पुढे करून उभा होता. चाळिशीतला, नागपूरचा आडदांड गडी, पण पार कानकोंडा झालेला.

"सॉरी, वहिनी. मला खरंच बॅट लागल्यासारखी वाटली."

"आवाज आला होता?"

"मला तरी आला होता."

अरुणाने माइक तोंडाशी नेला.

"आउट होता," ती म्हणाली. शाळेत चढायचा तसाच तिचा आवाज चढला. "तो आउटच होता!"

हॉल खो खो हसला, टाळ्या पडल्या. ती हसली नाही. तिने काठी अनिशच्या हातात दिली.

"जा, चहा ठेव. आलं ठेचून घाल. टीबॅगचा बाबांना चालत नाही."

पायऱ्यांपाशी मिलिंद तिचा कोट उघडून धरून उभा होता. ती त्याच्याजवळून तशीच पुढे गेली आणि चहाच्या टेबलाजवळची पहिली खुर्ची ओढून बसली.