लुगड्याखालचा स्कोप

मी नागोराव, इंजिनेरी कॉलेजातल्या लॅबचा अटेंडर. लॅबची चाबी माह्या करदोड्याले. आठ वर्सांत एका बी पोट्ट्यानं यंत्राले ओरखडा पाडला असंल तं मले जोडे मारा. पाडतीन कसे? हात लावू दिला तं ना!

सगळ्यात नाजूक यंत्र म्हंजे स्कोप. करंट कसा वाहते त्याची हिरवी लहर पडद्यावर दाखवते. बायकोचं जुनं लुगडं मी त्याच्यावर पांघरलं होतं. सालातून एक डाव, खंडेनवमीले, ते काढायचो. पुसून झेंडू वाहायचो अन् माही लेक सुभद्रा त्याले कुंकू लावायची. पोट्टे जुन्या वह्यांतून आकडे उतरवायचे, सर सही करायचे. बिघडलं तं कोन जबाबदार?

मंग सुभद्राच त्या कॉलेजात शिकाले लागली. छाती फुगली माही. सत्त्याण्णव साली तिची शेवटची परीक्षा आली.

"बा, एक डाव स्कोप लावू दे ना," म्हने. "यंदा परीक्षक हातानं लावाले सांगून राह्यले."

"तुलेच काऊन? वहीत उतरव सगळ्यांवानी," मी खेकसलो. "लेक म्हून कायदा मोडू का?"

चार दिवस मागं लागली, मंग गप बसली.

परीक्षेत पयली पाळी तिचीच आली. मी लुगडं काढलं. परीक्षक म्हनले, "लहर दाखव."

पोरगी नुसती बटनांकडं पाहून राह्यली. चालू करायचं बटन डाव्या कोपऱ्यात, खाली. मले ठावं होतं, दरसाल पुसतानी बोट लागायचं. पन जीभच उचलंना माही. तिनं भलतंच बटन फिरवलं.

"याले कधी हात लावला होता का?" परीक्षकानं हिंदीत इचारलं.

सुभद्रानं माह्याकडं पाह्यलं. मंग खाली पाहून म्हनली, "बहुत बार, सर. मैंच भूल गई."

माहं नाव झाकलं वो लेकीनं! अन् मी दगडावानी लुगडं धरून उभा.

नापास झाली. "परत बस," म्हनलं, तं "नको" म्हने. त्याच उन्हाळ्यात उटनूरकडचं स्थळ आलं, लगीन झालं.

दुसऱ्या साली नवे सर आले. त्यायनं येताच लुगडं काढून स्कोप लावला. काहीच उमटलं नाही. हैदराबादचा मेकॅनिक आला, खोलून पाह्यलं अन् म्हनला, चालवलाच नाही म्हून पडल्या पडल्या खराब झाला.

दसऱ्याले सुभद्रा माहेरी आली. कडेवर लेकरू. मी तिच्यापुढं हात जोडले.

"चुकलो बाई मी. तुहं शिक्षन गेलं, आता यंत्र बी गेलं."

तिनं लेकराले खाली ठेवलं.

"बा," म्हने, "ते चालू करायचं बटन कुठी होतं गा?"