घोडेवाल्याचे डोळे

टोपीची कड, कपाळावर किंचित ओढलेली.

कुवेतमधला शुक्रवार. एका खोलीत अकरा माणसं आणि एक टीव्ही.

कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी.

आषाढ, पेण. बादलीत पिळलेला फडका.

मित्रांनो, हे चारही तुकडे माझेच आहेत. मी शाडूचा एक चेहरा आहे. जुना म्हणावं तर माझं वय अवघं तीन वर्षं. पण मी ज्याचा आहे तो माणूस फार जुना. घोड्यांच्या आणि बंदुकांच्या इंग्रजी सिनेमांत तो काम करायचा. तो हिरो नव्हता, खलनायकही नव्हता. तो हिरोचा घोडा धरायचा आणि अर्धा सिनेमा होण्याआधी गोळी लागून मरायचा. शेवटच्या पाट्यांत त्याचं नाव यायचं, ते वाचून होण्याआधीच निघून जायचं. म्हणून रोह्याचे हाशिमचाचा त्याला नुसतं 'घोडेवाला' म्हणत.

चाचा तरुणपणी कुवेतला ड्रायव्हर होते. सुट्टीच्या दिवशी खोलीतले सगळे मिळून हे सिनेमे बघत. परत येताना चाचांनी सात कॅसेटी आणल्या आणि रोह्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानात बसणारे हिरोला टाळ्या वाजवत. चाचा वैतागत.

"त्याला काय बघता? मागच्याला बघा. हिरो बोलतोय आन् हा ऐकतोय. ऐकायला सगळ्यांना येत नाय."

मरताना घोडेवाला कधी हिरोकडे बघत नसे. तो आधी घोड्याकडे बघायचा, लगाम सुटला का ते. चाचा म्हणत, "लिहिणाऱ्यानं हे लिहिलं नसंल. हे त्याचं स्वतःचं हाय."

कोकणच्या दमट हवेत कॅसेटी एकेक करून गेल्या. शेवटची मशीनमध्ये अडकायच्या आधी चाचांच्या नातीने, हुदाने, टीव्हीवरच्या चित्राचे मोबाईलने तीन फोटो काढले. तिन्हींत चेहऱ्यावर आडव्या रेघा होत्या. तिने इंटरनेटवरही शोधलं. हिरोचे शेकडो फोटो आले, घोडेवाल्याचा एकही नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, जरी मला ती फार उशिरा कळली. साखरेच्या आजाराने चाचांचा डावा डोळा गेला होता. उजव्याचंही किती दिवस खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. चाचांना हा चेहरा एकदा पुरता बघायचा होता. टोपीच्या सावलीशिवाय, रेघांशिवाय. म्हणून ते पेणला आले.

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मालूताई डोळ्यांची आखणी करते. तिचं माहेर रोह्याजवळच्या वरशाचं. लहानपणी ती चाचांच्या दुकानाच्या पायरीवर बसून टीव्ही बघायची. तिने फोटो पाहिले, चाचांचं ऐकलं आणि ज्येष्ठात माझी माती मळली. गालाची हाडं, वाकडं नाक, ऐकताना किंचित उघडे राहणारे ओठ असं सगळं पंधरा दिवसांत झालं. फक्त डोळ्यांच्या जागी दोन गुळगुळीत फुगीर गोळे होते. ते रंगायचे होते. आखणी सगळ्यात शेवटी होते, आणि कारखान्यात तीनशे मूर्ती तिच्या हाताची वाट बघत होत्या.

आषाढात चाचा आले. मी पाटावर होतो, अंगावर ओला फडका.

"दाखव गो."

"नाय चाचा. डोळ्यांशिवाय तोंड मी कुणाला दाखवीत नाय."

"मी काय गिऱ्हाईक हाय? त्याचे डोळे हायत माझ्या डोक्यात. तू फडका तेवढा काढ."

"नाय म्हंजे नाय. आंधळं तोंड बघू नये. गणपती जाऊ द्या, मग मीच फोन करते."

चाचा हसले. "बरं बाय. तुझंच खरं."

डॉक्टरांचं बोलणं त्यांनी तिला सांगितलं नाही. आपल्या डोळ्यासाठी देवाची कामं थांबवायला सांगणं त्यांना बरं वाटलं नसेल. मी फडक्याखाली होतो. मला तोंड होतं, पण ते ऐकणाऱ्या माणसाचं.

गणपती गेले. मालूताईने दोन दिवस माझे डोळे आखले. इतकं निवांतपणे तिने वर्षभरात काही रंगवलं नव्हतं. मग फोन केला. चाचा हुदाच्या खांद्यावर हात ठेवून आले आणि दारातच अडखळले. तेव्हा मालूताईला कळलं. ती खुर्ची पुसत राहिली, पुसतच राहिली.

चाचांनी मला दोन्ही हातांत घेतलं. नाक चाचपलं. "हां, हेच." ओठ चाचपले. "हेच." मग अंगठे वर सरकले आणि थांबले.

"मालू, डोळे ठेवलेस ना गो?"

"आखलेत चाचा. काळेभोर."

"हाताला लागत नायत."

तिने कोरणी घेतली आणि आपणच रंगवलेली दोन्ही बुबुळं कोरून काढली. रंगाचे कपचे तिच्या मांडीवर पडले. दोन खळगे झाले. चाचांचे अंगठे त्यांत बसले.

"आता हायत. कुठं बघतोय?"

"तुमच्याकडं."

मी खाली बघतो, मित्रांनो. ऐकताना तो खालीच बघायचा.

रोह्याला चाचांच्या बायकोने, जुबेदाभाभींनी, मला उंबऱ्यावरच अडवलं. "घरात नको हां, नमाज होते इथं. आन् आणायचा तर हिरो तरी आणायचा! ह्यो कोण? मरणारा?" चाचा म्हणाले, "व्हय, तोच." मी दुकानातल्या फळीवर गेलो. चाचा रोज सकाळी येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवत. मागच्या पौषात ते गेले. दुकान बंद आहे. मी भाजलेला नाही. पत्र्यातून पाणी गळलं की माझा गाल मऊ होतो. भाभी मात्र अधूनमधून कुलूप उघडतात, मला कोरड्या बाजूला सरकवतात आणि पुन्हा कुलूप लावून जातात.

माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. माती आहे, जाईन. पण मित्रांनो, कुणी तुमचं अर्धं झालेलं काम बघायला मागितलं, तर फडका काढा. डोळे नसले तरी दाखवा.

आषाढातल्या त्या दिवशी गाडीने पेणला येताना हाशिमचाचांनी निडी, नागोठणे आणि कासू या स्टेशनांच्या पाट्या स्वतः वाचल्या होत्या.