घोड्याचे गुडघे

“या घरात थोर चित्रकार जन्माला आली आहे!” आजोबांनी जाहीर केलं, तेव्हा पाच वर्षांची चित्रकार तेलखडू चावत होती. तिच्या वहीतल्या घोड्याला चक्क गुडघे होते. उद्या तो स्पर्धेला जाणार होता.

पण आजोबांनी तीस वर्षं बँकेत सह्या पडताळल्या होत्या. मनात पाल चुकचुकली. कालच्या घोड्याला तर पाच पाय होते! त्यांनी भिंग लावलं. रेघ थरथरत होती. पोरीची रेघ बेधडक जाते. म्हणजे कुणीतरी नातीला लबाडी शिकवत होतं. सूनच असणार!

दुपारी ते दाराआड दबा धरून बसले.

“आजी, आता शेपूट,” नात म्हणाली.

जिभेचं टोक बाहेर काढून आजी वहीवर वाकल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पकडलंत ना? मग एवढी पेन्सिल तासून द्या.”