अंधारातली काडेपेटी

"हनुवटी टेकव. कपाळ पट्टीला लागू दे. आणि आता बोलायचं नाही."

"डॉक्टरीणबाई, एक उशी दिली असतीत तर झोप तरी काढली असती."

"दादा."

"बरं बाई, गप्प बसतो."

ती डॉक्टर नव्हती. डोळ्यांच्या या दवाखान्यात ती तपासणीची यंत्रं चालवत असे, आणि तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवणारा जगात एकच माणूस होता. तिने त्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी बसवली, हातात बटण दिलं आणि खोलीतला दिवा बंद केला.

दादा शाळेची बस चालवायचा. गेल्या आठवड्यात शाळेच्या फाटकातून वळताना बसची डावी बाजू खांबाला घासत गेली होती. खांब कालपर्यंत तिथे नव्हता, असं तो सगळ्यांना हसत सांगत होता. बसमालक मात्र हसला नव्हता. डोळे तपासल्याचा कागद आण, मग स्टिअरिंगला हात लाव, एवढंच तो म्हणाला होता.

सकाळी भिंतीवरच्या तक्त्यातली अगदी शेवटची ओळसुद्धा दादाने घडाघडा वाचली होती आणि वळून तिला डोळा मारला होता. तिला त्याचा आनंद झाला नाही. तक्ता समोरची नजर तपासतो, बाजूची नाही. मग डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत आत डोकावून पाहिलं, काचबिंदूची शंका आहे म्हणाले, आणि ही तपासणी लिहून दिली.

तपासणी सोपी होती. पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं, मधल्या पिवळ्या ठिपक्यावर नजर ठेवायची. आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं.

दादा दाबत होता. टक. टक. टक. फारच छान दाबत होता. ती मागे पडद्यासमोर बसून ऐकत राहिली आणि थोड्या वेळाने पडद्याकडे वाकली. यंत्र मधूनमधून मुद्दाम नुसता सरकल्यासारखा आवाज करतं, ठिपका दाखवतच नाही. दादा तेव्हाही दाबत होता. त्याला ठिपके दिसत नव्हतेच. तो अंधारात अंदाजाने टिचक्या मारत होता.

त्या टिचक्या ती ओळखत होती.

लहानपणी काकांच्या टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता. सुट्टीत दुपारी क्लास बंद झाला की काका त्या दोघांना तिथे बसू देत. त्यात एक खेळ होता. दीपगृहाचा रखवालदार नाहीसा झालाय आणि निळ्या कोटातल्या एका बुटक्या माणसाने त्याला शोधायचंय. मारामारी नाही, पळापळी नाही. चित्रात कुठेतरी बाण न्यायचा आणि टिचकी मारायची. खाली इंग्रजी शब्द लिहिलेले असत: पाहा, उचल, उघड, ढकल, वापर. तिला आलेली पहिली इंग्रजी क्रियापदं हीच. माउस दादाकडे असे. बुटक्याच्या पिशवीत काय काय आहे, हे लक्षात ठेवायचं काम तिचं. तुटका चमचा, वाळका मासा, दोरीचा तुकडा, जे दिसेल ते दादा उचलायला लावी. "उचल. पुढे लागेल." आणि काही उलटसुलट करून पाहिलं, दिव्यात मासा घालून पाहिला, की बुटका थंडपणे एकच वाक्य बोलायचा. शब्दकोश घेऊन दोघांनी त्याचं मराठी केलं होतं: मला नाही वाटत हे जमेल. त्या उन्हाळ्यात घरात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. आई म्हणाली, दुकानातून साखर आण, की दोघंही एका सुरात, मला नाही वाटत हे जमेल. आईने एकदा लाटणं उगारलं तेव्हा मात्र जमलं.

दीपगृहाच्या तळघरात सगळा पडदा काळा होता. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तिने कधीच हार मानली होती. दादाने मानली नाही. "दिसत नाही म्हणजे नाही असं थोडंच आहे?" म्हणत त्याने डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि शेतात नांगर फिरवावा तसा ओळीने बाण फिरवत, प्रत्येक ठिकाणी टिचकी मारत खाली आला. तिने मध्येच "तिकडे, उजवीकडे" म्हटलं की तो चिडे. सांगायचं नाही, हा त्याचा नियम होता. आणि एका टिचकीला काडेपेटी सापडली. काडी पेटली. काळ्याभोर पडद्यावर मधोमध उजेडाचं एक छोटं वर्तुळ उमटलं. दोघं इतके ओरडले की काका जेवणावरून उठून आले.

"काय सापडलं एवढं?"

"काडेपेटी!"

"मग जपून ठेवा. संध्याकाळी वीज जाणार आहे."

तिने तपासणी थांबवली आणि दिवा लावला.

"झाली? पास ना?" दादाने पट्टी काढत विचारलं.

"ठिपका नसतानाही दाबतोयस तू."

"एखाद्या वेळी दाबलं गेलं असेल चुकून."

"आवाजावर दाबतोयस, दादा. मशीनला कळतं ते."

तो बटणाच्या वायरशी चाळा करत राहिला. मग हळूच म्हणाला, "मशीनला कळतं, पण मशीनवर तूच आहेस ना. जमव की काहीतरी. मला दुसरं काय येतं सांग बरं? ती पोरं बसकाका बसकाका करत चढतात. मी घरी बसून खिडकीतून त्यांच्याकडे बघू?"

अशा वेळी रुग्णांना सांगायची वाक्यं तिला पाठ होती. नियम, जबाबदारी, सुरक्षितता. त्यांतलं एकही तोंडून निघेना. निघालं ते भलतंच, आणि अगदी त्याच थंड सुरात.

"मला नाही वाटत हे जमेल."

दादा खो खो हसला. मान मागे टाकून, लहानपणी हसायचा तसा. हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि मग हसू थांबलं तरी पुसतच राहिला.

"त्या दिवशी खांब होता," तो म्हणाला.

"हो."

"खांबच होता म्हणून बरं."

"हो, दादा."

"पुन्हा लाव."

या वेळी त्याने खरं सांगितलं. यंत्र सरकायचं, ठिपका चमकायचा, आणि शांतता. पुन्हा ठिपका, पुन्हा शांतता. कधीतरी एखादी टक. तिच्यासमोरच्या पडद्यावर कडेपासून आत आत, न दिसलेल्या ठिपक्यांच्या जागी, काळे चौकोन भरत आले. आधी उजव्या डोळ्याचे, मग डाव्याचे. मधोमध एक छोटं पांढरं वर्तुळ तेवढं उरलं.

"आता परत येईल का गं गेलेलं?" दिवा लागल्यावर त्याने विचारलं.

"नाही. डॉक्टर देतील ते थेंब वेळेवर घातलेस तर आहे ते बहुतेक टिकेल."

"घालीन."

त्याने खिशातून बसची किल्ली काढली. किल्लीला मुलांनी दिलेला प्लॅस्टिकचा जिराफ लटकत होता. त्याने ती टेबलावर तिच्यासमोर ठेवली.

"उचल."

"अरे, मालकाला तूच नेऊन दे ना."

"उचल गं. पुढे लागेल."

लागणार नव्हती. तिने किल्ली एप्रनच्या खिशात टाकली, जिराफासकट.

तो उठून दाराकडे गेला. दार तपकिरी, कडीही तपकिरी, उजवीकडे, कमरेच्या खाली. त्याचा पंजा डावीकडे वर टेकला. तिथून तो आडवा सरकत गेला, थोडा खाली आला, पुन्हा आडवा गेला. ती त्याच्या मागे हातभर अंतरावर उभी होती. 'उजवीकडे' हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. तिने तो तिथेच धरून ठेवला.

"सापडली," दादा म्हणाला, आणि दार उघडून, आधी तिला जायला मिळावं म्हणून, बाजूला उभा राहिला.